कोड्यांतले शेवटचे उत्तर

लहानपणी दिवेलागणीनंतर ओसरीवर बसून आजीने घातलेली कोडी तुमच्यापैकी बहुतेकांनी सोडविली असतील. कोणी त्यांना कोडी म्हणतो, कोणी उखाणे, कोणी हुमान. पद्धत मात्र सगळीकडे एकच. आजीने कोडे घालावे, नातवंडांनी डोके खाजवावे, कोणीतरी उत्तर द्यावे, आणि आजीने मान डोलावून "बरोब्बर!" म्हणावे. आजीची मान हलली की कोडे सुटले.

आज मी ज्या कोड्यांविषयी बोलणार आहे, त्यांत आजीची ही मान नसते. किंबहुना ती नसावी, हेच मला आज सांगायचे आहे.

शाळेच्या शिबिरात, गॅदरिंगमध्ये किंवा सहलीत 'ट्रेझर हंट' नावाचा खेळ खेळतात. आपण त्याला खजिन्याचा शोध म्हणू. चिठ्ठीत कोडे, त्याच्या उत्तरात पुढच्या चिठ्ठीची जागा, असे करीत करीत मुले शेवटी खाऊच्या डब्यापाशी पोहोचतात. हा झाला साधा प्रकार. याहून एक चतुर प्रकार आहे. त्यात काही धाकटी कोडी असतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. पण खजिना त्यांपैकी एकाही उत्तरात नसतो. ती सगळी उत्तरे एकत्र मांडायची आणि त्यांच्या पोटातून आणखी एक उत्तर काढायचे. ते शेवटचे उत्तर. दूध तापविले, विरजण लावले, ताक घुसळले, तरी लोणी हाताने काढावेच लागते, तसेच हे आहे.

अमेरिकेत बोस्टन शहराजवळ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही नामांकित संस्था आहे. तेथे १९८१ सालापासून दर वर्षी जानेवारीत असा शोध चालतो. शेवटी एक नाणे शोधून काढायचे असते. ज्या गटाला ते आधी सापडेल, त्या गटावर पुढच्या वर्षीची कोडी रचण्याची जबाबदारी येते. बक्षीस म्हणून काम मिळते, अशी ही स्पर्धा! तेथील कित्येक कोड्यांना 'असे करा' म्हणून सूचनाच नसते. कागदावर जे आहे त्यावरूनच काय करायचे ते ओळखायचे. मग आपण काढलेले उत्तर बरोबर आहे, हे सोडविणाऱ्याला कळावे कसे? या प्रश्नातच सगळी गंमत आहे आणि सगळे शिक्षणही.

हे नुसते सांगून समजणार नाही. म्हणून एक कोडे आपण बरोबरच सोडवू. चाकणजवळच्या एका शाळेत मी सातवीच्या मुलांना ते घातले होते. तीन चिठ्ठ्या होत्या. उत्तरे प्रत्येकी तीन अक्षरांची.

पहिली चिठ्ठी: पोट मोठे, पाय नाहीत. उन्हाळ्यात सारे घर त्याच्याकडे धाव घेते.

दुसरी चिठ्ठी: अंगभर भोके. जे गळते ते आपण ठेवतो, जे राहते ते टाकतो.

तिसरी चिठ्ठी: गरिबाची गाय म्हणतात तिला. पाला खाते, दूध देते.

मुलांनी पाच मिनिटांत उत्तरे दिली: रांजण, चाळण, बकरी. आणि चौथ्या चिठ्ठीवर एवढेच लिहिले होते: 'शब्दकोशात जसे उभे, तसे उभे करा. मग तिरपे पाहा.'

शब्दकोशात च आधी, मग ब, मग र. म्हणजे चाळण, बकरी, रांजण असे एकाखाली एक मांडायचे. आता पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर घ्या: चा. दुसऱ्याचे दुसरे: क. तिसऱ्याचे तिसरे: ण. झाले चाकण! मुलांनी एकदम आरडाओरडा केला. मी "बरोबर" म्हणण्याची कोणी वाट पाहिली नाही. आपल्याच गावाचे नाव समोर उभे राहिल्यावर गुरुजींना विचारायचे कशाला?

श्रोतेहो, येथे थोडे थांबू. समजा, चौथी चिठ्ठी नसतीच, तर मुलांनी काय केले असते? पहिली अक्षरे घेतली असती: चा, ब, रां. अर्थ नाही. शेवटची घेतली असती: ण, री, ण. अर्थ नाही. मग तिरपे पाहिले असते. पण शब्दांचा क्रम चुकला असता तर तिरपे पाहूनही उपयोग नव्हता. चिठ्ठ्या जशा मिळाल्या त्या क्रमाने रांजण, चाळण, बकरी असे मांडले तर रां, ळ, री हाती येते. त्याला कोणी गाव म्हणणार नाही. म्हणजे शेवटचे उत्तर काढायला दोन गोष्टी लागतात. उत्तरे कोणत्या क्रमाने मांडायची ही एक, आणि प्रत्येक उत्तरातून काय उचलायचे ही दुसरी. क्रम आणि उचल. ही दोन चाके असली तरच गाडी चालते.

क्रमाचे महत्त्व आकड्यांतही पाहता येईल. दोन शब्द दोन प्रकारे मांडता येतात. तीन शब्द ६ प्रकारे, चार शब्द २४ प्रकारे आणि पाच शब्द १२० प्रकारे. क्रम सांगितलाच नाही, तर पाच शब्दांच्या कोड्यात मूल १२० रानांत भटकते. म्हणून क्रम कोठेतरी असला पाहिजे. तो शब्दकोशाचा असेल, वाटेवरच्या गावांचा असेल, वारांचा असेल, ऋतूंचा असेल. देहू, आळंदी आणि तुळापूर ही तिन्ही गावे इंद्रायणीच्या काठची. नदी वाहते त्या क्रमाने ती मांडा म्हटले, की कोड्याबरोबर भूगोलाचीही उजळणी होते.

आता 'उचल' पाहू. येथे आपल्या मराठीची एक खासियत ध्यानात घ्यावी लागते. इंग्रजीत सव्वीस अक्षरे सुटी सुटी असतात, एका चौकोनात एक बसते. आपल्याकडे स्वर व्यंजनाच्या अंगावर बसतो. पिंपरी या शब्दाचे पहिले अक्षर कोणते? प म्हणावे तर वेलांटी आणि अनुस्वार कोठे गेले? वर्तमानपत्रातल्या मराठी शब्दकोड्याने याचा निकाल केव्हाच लावला आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह जे एका चौकोनात बसते ते एक अक्षर. पिंपरी म्हणजे पिं, प, री. पुस्तक म्हणजे पु, स्त, क. हा नियम खेळ सुरू होण्यापूर्वीच मुलांना सांगावा. नाही तर एक मूल पुस्तकातले दुसरे अक्षर 'स्त' घेईल, दुसरे नुसता 'स' घेईल, आणि दोघांचेही चुकले असे म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण अशी की मराठीत ण आणि ळ यांनी शब्द सुरू होत नाही. म्हणून शेवटच्या उत्तरात ही अक्षरे असली, तर 'प्रत्येकाचे पहिले अक्षर घ्या' ही सर्वांत सोपी रीत चालत नाही. चाकणमधला ण मला शब्दाच्या शेवटून घ्यावा लागला तो म्हणूनच. तिरपी मांडणी मी चमत्कार म्हणून निवडली नव्हती, गरज म्हणून निवडली होती.

उचल करण्याच्या आणखी रीती आहेत. शब्दापुढे आकडा लिहायचा आणि तितके अक्षर उचलायचे, ही एक. उरलेल्या अक्षराची दुसरी. मुलांना जोड्या द्या: पापड आणि पड, नवल आणि नव, कपाट आणि पाट. प्रत्येक जोडीत मोठ्या शब्दातले एक अक्षर हरवले आहे. पहिल्या जोडीत पा, दुसऱ्या जोडीत ल, तिसऱ्या जोडीत क. मिळून झाले पालक. आता ही भाजी आणायची की आईवडिलांना बोलावून आणायचे, ते पुढच्या चिठ्ठीने सांगावे!

तिसरी रीत झाकणाच्या कागदाची. इटलीतील गणिती आणि वैद्य कार्दानो याने १५५० साली ती वर्णन केली. जाड कागदाला ठरावीक ठिकाणी भोके पाडायची. तो कागद साध्या दिसणाऱ्या मजकुरावर ठेवला की भोकांतून दिसतात तेवढीच अक्षरे वाचायची. पुठ्ठा, कात्री आणि जुने वर्तमानपत्र एवढ्यावर हा खेळ कोणत्याही शाळेत करता येतो.

चौथी रीत आकड्यांतून अक्षरांकडे किंवा अक्षरांतून आकड्यांकडे जाण्याची. आपल्या देशात ती फार जुनी आहे. तिला कटपयादी म्हणतात. क, ट, प आणि य या चारही अक्षरांची किंमत १. तेथून पुढे वर्णमालेच्या क्रमाने मोजत जायचे. या हिशेबाने ज येतो ८ आणि य येतो १. आणि आकडे वाचायचे उजवीकडून डावीकडे. म्हणून 'जय' या शब्दाची संख्या १८. महाभारताला 'जय' असेही नाव आहे आणि त्याची पर्वेही १८ आहेत, हा मेळ आपले पंडित मोठ्या कौतुकाने दाखवीत आले आहेत.

अक्षरे पेरून ठेवण्याची हौस आपल्या वाङ्मयातही भरपूर दिसते. वाल्मीकींच्या रामायणात २४ हजार श्लोक आहेत आणि गायत्री मंत्राची अक्षरेही २४. दर हजार श्लोकांतल्या एकाचे पहिले अक्षर घेत गेले की गायत्री मंत्र मिळतो, असे परंपरा सांगते. मोरोपंत हे अठराव्या शतकातले आपले पंडित कवी. त्यांनी तर रामायणे रचताना अक्षरांचे नाना खेळ केले. निरोष्ठ रामायणात ओठांना ओठ लावणारे अक्षरच येऊ द्यायचे नाही, अशी अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली. मंत्ररामायणात तेरा अक्षरी राममंत्र काव्यात ओवला. म्हणजे हा नाद काही विलायतेतून आलेला नाही.

पण गायत्रीच्या उदाहरणात एक धोकाही दडलेला आहे. रामायणाच्या सर्व प्रतींत श्लोकसंख्या सारखी नाही. मोजून उचलण्याच्या रीतीत मध्येच एक श्लोक वाढला किंवा गळला, की पुढची सगळी मोजणी सरकते. शाळेच्या कोड्यातही हेच होते. फळ्यावर उतरवून घेताना एक शब्द राहिला, की शेवटचे उत्तर हरवते.

आणि आता माझीच एक फजिती सांगतो. त्याच शाळेत, त्याच दिवशी, चाकणचे कोडे सुटल्यावर मी दुसरे घातले होते. वेळ थोडा उरला होता, म्हणून दोनच धाकटी कोडी केली. उत्तरे होती वाळू आणि डाळ. प्रत्येकाचे पहिले अक्षर घ्यायचे. वा आणि डा, म्हणजे वाडा. शाळेसमोर एक जुना पडका वाडा आहे. त्याच्या दरवाजापाशी शेवटची चिठ्ठी मी ठेवली होती.

तीन गट वाड्याकडे धावले. चौथा गट मात्र शाळेच्या डाव्या जिन्यापाशी जाऊन चिठ्ठी शोधू लागला. शाळेला दोन जिने आहेत, एक डावा नि एक उजवा. मी हसून म्हणालो, "अरे, चुकलात तुम्ही. उत्तर वाडा आहे." गटाची प्रमुख एक मुलगी होती. वडील मराठवाड्यातून चाकणच्या कारखान्यात कामाला आलेले. ती वही घेऊन माझ्यापुढे आली नि म्हणाली, "सर, आधीच्या कोड्यात शब्दकोशाचा क्रम होता. शब्दकोशात ड आधी येतो, व नंतर. डाळ, वाळू. म्हणजे डावा. तुमचा क्रम कुठं लिहिलाय?"

श्रोतेहो, तो कोठेच लिहिलेला नव्हता. माझ्या मनात मात्र होता. मी चिठ्ठ्या ज्या क्रमाने लपविल्या तोच क्रम मुलांनी घ्यावा, अशी माझी अपेक्षा होती. मुलांना ते कळायचे कसे? माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण वर्गासमोर उभे असताना गुरुजीच्या तोंडून सहज एक वाक्य निघते, ते माझ्याही निघाले: "मी सांगतो ना, वाडाच बरोबर आहे." ती मुलगी काही बोलली नाही. वही मिटून जागेवर जाऊन बसली. तिच्या गटाचा खाऊ हुकला.

घरी परत येताना मोशीपर्यंत वाहतूक तुंबलेली होती. त्या गाडीत बसल्याबसल्या मला माझीच लाज वाटू लागली. त्या मुलीने काय चुकीचे केले होते? एकदा शिकलेली रीत तिने पुढच्या कोड्याला लावली. आपण वर्षभर मुलांना हेच तर सांगत असतो! तिचे उत्तर अर्थपूर्ण होते, तिच्यापाशी कारण होते, आणि ते तिने सभ्यपणे सांगितले. माझ्यापाशी कारण नव्हते. फक्त अधिकार होता. मी कोडे रचताना आळस केला आणि त्याची किंमत तिने मोजली.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना फोन केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा शाळेत गेलो आणि साऱ्या वर्गासमोर सांगितले की चूक माझी होती, डावा हे उत्तरही तितकेच बरोबर होते. त्या गटाचा खाऊ त्यांना दिला. खाऊपेक्षा ते वाक्य ऐकताना त्या चार मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

त्या दिवशी मुलीचे वडीलही पाळी संपवून तिला न्यायला आले होते. सारी हकीकत ऐकून ते म्हणाले, "सर, आमच्याकडं गेज असतो बघा. पार्ट बरोबर का चूक, ते सायबाला विचारायचं काम नाही. गेज सांगतो." चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम केलेल्या श्रोत्यांना हे लगेच कळेल. 'गो' आणि 'नो-गो' अशी दोन टोके असलेला गेज असतो. भोक बरोबर असेल तर 'गो'चे टोक आत गेले पाहिजे आणि 'नो-गो'चे टोक जाता कामा नये. दोन्ही गोष्टी घडल्या तरच पार्ट पास. नुसते एक टोक आत जाऊन भागत नाही.

मी इतकी वर्षे महाविद्यालयात शिकवितो, पण कोड्याची परीक्षा इतक्या नेमक्या शब्दांत मला कोणी सांगितली नव्हती. चांगल्या कोड्यात बरोबर उत्तर बसले पाहिजे, एवढेच पुरेसे नाही. चुकीचे उत्तर बसता कामा नये, हेही पाहिले पाहिजे. माझ्या दुसऱ्या कोड्यात वाडा बसत होता खरा, पण डावाही बसत होता. 'गो' पास, 'नो-गो'ही आत गेला. असा पार्ट कारखान्यातला माणूस बाजूला काढून ठेवतो. मी तो मुलांच्या हाती दिला.

हीच कसोटी इतिहासाला लावून पाहा. समर्थ रामदासांच्या नावावर शिवाजी महाराजांना लिहिलेले एक पद्यमय पत्र सांगितले जाते. त्याच्या ओळींची पहिली अक्षरे एकापुढे एक ठेवली की 'विजापूरचा सरदार निघाला आहे' असे वाक्य तयार होते. अफझलखान १६५९ साली चालून आला, त्याची ही गुप्त सूचना, अशी कथा आहे. अक्षरे मोजा: चौदा भरतात. चौदा अक्षरे योगायोगाने अशी ओळीने उभी राहणार नाहीत. ज्याने ते रचले त्याने मुद्दाम रचले, एवढे ही अक्षरे निश्चित सांगतात. पण ते कोणी रचले आणि केव्हा रचले, हे ती सांगत नाहीत. घटना घडून गेल्यावरही असे पद्य कोणालाही रचता येईल. या पत्राच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत एकमत नाही ते यामुळेच. त्याचा निकाल कागद, शाई, लिपी आणि इतर पुरावे यांनी लागायचा. अक्षरांची साक्ष खरी, पण ती जेवढे पाहिले तेवढ्यापुरतीच.

याच्या उलट दुसरी चूक असते. मनाला येईल ती रीत, मनाला येईल तो क्रम घेतला, तर कोणत्याही मजकुरातून काहीही काढता येते. १९९७ साली अमेरिकेत एक पुस्तक गाजले. बायबलमधली अक्षरे ठरावीक अंतराने वाचली की पुढे घडणाऱ्या घटना त्यांत सापडतात, असा त्याचा दावा होता. ऑस्ट्रेलियातील गणिती ब्रेंडन मॅके यांनी मग एक गंमत केली. देवमाशाच्या शिकारीवरची 'मोबी डिक' ही १८५१ सालची कादंबरी घेतली आणि तीच रीत तिला लावली. तिच्यातून इंदिरा गांधींच्या हत्येसह कितीतरी हत्यांची 'भाकिते' त्यांनी काढून दाखविली! अंतर मोकळे सोडले, दिशा मोकळी सोडली, की हवे ते सापडणारच. आज मोबाइलवर नावातली अक्षरे मोजून भाग्य सांगणारे आणि तारखांच्या बेरजांतून संकटे काढणारे संदेश फिरतात. ते आले की मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा: ही रीत आधी ठरली होती, की उत्तर पाहून मग ठरविली? हा प्रश्न विचारणारे मूल सहसा फसत नाही. म्हणून या खेळाला मी नुसता खेळ मानीत नाही.

आता शिक्षकबंधुभगिनींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

कोडे रचताना उलटीकडून सुरुवात करा. शेवटचे उत्तर आधी ठरवा, मग त्यातली अक्षरे पुरविणारे शब्द शोधा, आणि धाकटी कोडी सगळ्यांत शेवटी लिहा. शेवटचे उत्तर निदान तीन-चार अक्षरांचे घ्या. दोन अक्षरांची साक्ष फार दुबळी. उलटवली तरी बऱ्याचदा काहीतरी अर्थ निघतो, हे मी अनुभवाने सांगतो.

क्रम आणि उचल, दोन्ही कागदावर असू द्या. उघड सांगायचे नसेल तर सुचवा. पण तुमच्या मनात ठेवू नका. मुलांना कागद दिसतो, तुमचे मन दिसत नाही.

दुसरी साक्ष ठेवा. शेवटचे उत्तर जागेचे नाव असेल, तर त्या जागी अशी काही खूण असावी की पोहोचताक्षणी मुलांची खात्री पटावी. आणि खेळापूर्वी ज्याला उत्तर माहीत नाही अशा सहकाऱ्याला कोडे सोडवायला द्या. तो अडखळेल तेथे मुलेही अडखळणार.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. धाकटी कोडी गटातल्या वेगवेगळ्या मुलांना वाटून द्या. आपल्या या पट्ट्यातल्या शाळांत आज कोणाच्या घरी मराठवाडी बोली आहे, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी भोजपुरी. एखाद्याला रांजण हा शब्दच ठाऊक नसतो, पण बकरी सर्वांना ठाऊक असते. त्याने आणलेला 'क' नसेल तर हुशारातल्या हुशार मुलालाही चाकण काढता येत नाही. समजा तो 'क' अडकलाच आहे. चा, मग रिकामी जागा, मग ण. येथे चाकण बसेल, चारण बसेल, चाळणही बसेल. मग सगळा गट त्या अडलेल्या मुलाभोवती जमतो आणि म्हणतो, "तुझ्या शब्दाचं मधलं अक्षर क, र नाही तर ळ असणार. आता बघ बरं!" शेवटाकडून मिळालेला हा धागा घेऊन ते मूल आपले कोडे सोडविते. एकाची अडचण साऱ्यांची होते. हे पाठ्यपुस्तकातल्या धड्याने इतके सहज शिकवता येत नाही.

वेळ संपत आली आहे. जाता जाता एक कोडे तुमच्यासाठी ठेवतो. ते माझे नाही. वही मिटून बसलेल्या त्या मुलीने नंतर रचले आणि शाळेच्या फळ्यावर लिहिले. तिन्ही उत्तरे तीन अक्षरी आहेत.

एक: बांध त्याचे कुंपण, आभाळ त्याचे छप्पर. पेरावे मूठभर, न्यावे गाडीभर.

दोन: नाना धान्ये वेगवेगळी भाजली, जात्यात जाऊन एक झाली. तिच्यावाचून थालीपीठ नाही.

तीन: घरात सर्वांत धाकटे. बोलता येत नाही, पण हुकूम साऱ्या घरावर चालतो.

शेवटचे उत्तर ज्याने त्याने घरी काढावे. ते बरोबर आले की नाही, हे मला किंवा नभोवाणी केंद्राला पत्र लिहून विचारण्याची गरज नाही. उत्तर तुमच्या समोर उभे राहील, आणि बहुधा आजच्या जेवणातही असेल.

आणि हो, एक सांगायचे राहिले. कोड्याच्या वर, फळ्याच्या अगदी पहिल्या ओळीत, तिने ठळक अक्षरांत लिहिले होते: 'क्रम शब्दकोशाचा. तिरपे पाहा.'